कोतातली यादी

१९४७ साली लष्कराची वाटणी झाली. तिचे आकडे वाचताना एका जागी हमखास अडखळायला होतं. पायदळाच्या १५ रेजिमेंट भारताला, ८ पाकिस्तानला. चिलखती दळाच्या १२ आणि ६. तोफखान्याच्या मात्र साडेअठरा आणि साडेआठ. रेजिमेंट अर्धी करायची म्हणजे तोफा मोजायच्या, तोफेमागची माणसं मोजायची, आणि काल एका लंगरात जेवलेल्यांना दोन वेगळ्या गाड्यांत बसवायचं. मेसमधली चांदीची भांडीसुद्धा मोजून वाटली गेली. शस्त्रांचे कारखाने तेवढे वाटता आले नाहीत, कारण ते सगळेच सरहद्दीच्या अलीकडे होते. त्यापोटी पाकिस्तानला ६ कोटी रुपये द्यायचं ठरलं. ही वाटणी ज्यांच्या देखरेखीखाली चालली होती त्या फील्ड मार्शल ऑकिनलेक यांचं मुख्यालय ३० नोव्हेंबर १९४७ रोजी बंद झालं. तोवर काश्मीरची लढाई सुरू होऊन महिना उलटला होता.

नव्या देशाच्या हाती आलं ते दुसऱ्या महायुद्धात वापरून झालेलं सामान, आणि तेही एका देशाचं नव्हे. रायफल इंग्लंडच्या नमुन्याची, बंगालमध्ये घडवलेली. ब्रेन गनचा आराखडा चेकोस्लोव्हाकियाचा, विमानविरोधी बोफोर्स तोफेचा स्वीडनचा. रणगाडे आणि जीप अमेरिकेच्या, बरेच ट्रक कॅनडात बांधलेले. पलटणीची हत्यारं ज्या कुलूपबंद खोलीत असतात तिला फौजेत ‘कोत’ म्हणतात. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या निवृत्त फौजींच्या बोलण्यात हा शब्द अजून आहे. त्या कोतातल्या आणि कोताबाहेरच्या मैदानावरच्या वस्तूंची ही यादी. यातल्या बहुतेक गेल्या, काही जाण्याच्या वाटेवर आहेत. वस्तू संग्रहालयात उभी करता येते. ती चालवणाऱ्या हातांना जे ठाऊक होतं ते तिथे उभं करता येत नाही, आणि माझी तळमळ त्यासाठी आहे.

थ्री-नॉट-थ्री. नळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकी ३०३. ली-एनफील्ड हे तिचं कागदावरचं नाव, पण ते कोणी घेतलं नाही. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती हजारोंनी घडली. वजन सुमारे चार किलो, मॅगझीनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांतून वरून दाबून भरायच्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. तयार सैनिक मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या सोडत असे. बोल्टवर रायफलचाच क्रमांक कोरलेला असे, कारण एका रायफलचा बोल्ट दुसरीला लावायचा नाही. दिसायला सारखे असले तरी ते आपापल्या रायफलला घासून बसवलेले असत. आर्मररला हे माहीत असे आणि रिक्रुटाला ते पहिल्याच आठवड्यात शिकवलं जाई.

तिच्या दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण, झाकणाआड एक पोकळी. पोकळीत तेलाची छोटी बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला वजन बांधलेली दोरी. दोरीच्या फासात चिंधी अडकवून ती नळीतून ओढायची. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळीत मिठासारखा क्षार सोडायचा, आणि तो पाणी धरून नळी आतून खायचा. म्हणून गोळीबार झाला की आधी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग चिंधी, मग तेल. ज्यांनी एनसीसीच्या शिबिरात ही रायफल हाताळली त्यांना तिचा तो तेलाचा वास अजून ओळखता येईल.

तिचा एक प्रकार तांब्याच्या तारेने करकचून गुंडाळलेला असे. नळीच्या तोंडाला पेला बसवून त्यातून हातगोळा दूर फेकायचा, आणि त्या झटक्याने लाकूड फाटू नये म्हणून ती तार. अशी रायफल नेमबाजीसाठी पुन्हा कामाची राहत नसे.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी हल्ल्यासमोर नामका चूच्या काठावर आपले जवान याच रायफली घेऊन उभे होते. अंगात सुती कपडे, माणशी पन्नासच्या आसपास गोळ्या. त्यानंतर सेल्फ-लोडिंग रायफल आली आणि सैन्यातून थ्री-नॉट-थ्री मागे सरकली. पोलिसांत ती राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर पोलिसांच्या हातात आलेली हत्यारं याच पिढीतली होती. हे लिहिताना हात थांबतो. ज्या रायफलीने दोन महायुद्धं काढली तिचा दोष नाही. तिला इतकी वर्षं बदलली नाही, हा दोष आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला निरोप दिला.

संगीन. आधी सतरा इंच पात्याची, तलवारीसारखी. पुढे भारतात ती कापून बारा इंचांची केली. नंतरच्या चार नंबरच्या रायफलीला खिळ्यासारखी निमुळती संगीन आली, ती जुन्या रायफलीला बसत नसे. एकाच कोतात दोन्ही रायफली, दोन्ही संगिनी, आणि काडतूस मात्र एकच. त्या एका काडतुसाने हा सगळा मिश्र पसारा तोलून धरला. रायफल, ब्रेन, व्हिकर्स-बर्थिए, पाण्याची व्हिकर्स या चौघींच्या पोटात तीच गोळी जाई.

राजाचा मुकुट. रायफलीच्या बोल्टमागच्या पट्टीवर मुकुट आणि त्याखाली सम्राट जॉर्जची आद्याक्षरं ठोकलेली असत. तशीच ती बटणांवर, पट्ट्याच्या बकलावर, टोपीच्या बिल्ल्यावर. स्वातंत्र्यानंतर जवळपास अडीच वर्षं हे सगळं तसंच राहिलं. काश्मीरची पूर्ण लढाई, हैदराबादची कारवाई मुकुटाखालीच झाली. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, आणि त्यापुढे ईशापूरहून निघालेल्या रायफलींवर अशोकस्तंभाचे सिंह आले. जुन्या रायफलींवरचे मुकुट कोणी खरवडले नाहीत. एकाच घोडीवर मुकुट आणि सिंह शेजारी शेजारी उभे असत, आणि रिक्रुट हाताला येईल ती उचलत असे.

व्हिकर्स-बर्थिए. फ्रेंच आराखड्याची हलकी मशीनगन, १९३३ साली हिंदी लष्कराने स्वीकारलेली. ब्रेन आल्यावर मागे पडली. ती चालवलेला माणूस आता सापडणं कठीण.

ब्रेन गन. ब्रनो आणि एनफील्ड या दोन गावांच्या नावांतून जुळवलेलं नाव. वरून बसणारं, पुढे वाकलेलं मॅगझीन. त्यात तीस गोळ्या मावत, पण स्प्रिंग दमू नये म्हणून अठ्ठावीसच भरायच्या. नळी तापली की खटका फिरवून ती काढायची आणि सुटी नळी चढवायची. एकाने गोळीबार करायचा, दुसऱ्याने मॅगझीन आणि नळी बदलायची, अशी जोडी. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला मेजर सोमनाथ शर्मा आपल्या कुमाऊँच्या जवानांसाठी स्वतः मॅगझीनं भरत होते. त्यांचा एक हात प्लास्टरमध्ये होता. मॅगझीन भरताना एका हाताने ते दाबून धरावं लागतं आणि दुसऱ्याच्या अंगठ्याने गोळी आत ढकलावी लागते. हे ज्याने केलं असेल त्यालाच त्या प्लास्टरचा अर्थ पुरता कळेल. शर्मा तिथेच पडले, आणि देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांना मिळालं. ब्रेन मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकली. काडतूस बदललं, नळी बदलली, नावही एलएमजी झालं, पण आत तीच ब्रेन होती.

स्टेन. पत्र्याची, नळीची, युद्धाच्या घाईत स्वस्तात काढलेली. आडवं मॅगझीन. हातातून पडली तर आपसूक सुटे, म्हणून जवान तिला जपून ठेवत.

टॉमी गन. अमेरिकी, जड, .४५ च्या जाड गोळीची. ती गोळी रायफल-ब्रेनला चालत नसे, म्हणून कोतात तिची पेटी वेगळी. रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातगोळा फेकला, मग टॉमी गन चालवली. मॅगझीन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी ती नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना आडवं केलं. ते तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. त्यांची ५ मराठा १९४७ साली भारताकडे आली आणि मराठा लाइट इन्फंट्री नव्या देशाची झाली. त्या पिढीतल्या जवानांनी हत्यारंही तीच आणली आणि सवयीही त्याच.

पाण्याची मशीनगन. व्हिकर्स. ब्रिटिशांनी ती १९१२ साली स्वीकारली. नळीभोवती पत्र्याचं जॅकेट, त्यात सुमारे चार लिटर पाणी. सतत गोळीबार केला की पाणी उकळे. वाफ दिसली तर जागा कळते, म्हणून ती रबरी नळीने एका डब्यात सोडायची, डब्यात तिचं पाणी व्हायचं, ते पुन्हा जॅकेटमध्ये ओतायचं. अडीचशे गोळ्यांचा कापडी पट्टा एका बाजूने आत जाई, दुसऱ्या बाजूने रिकामा बाहेर पडे. पट्टा ओला झाला की आवळे आणि गन अडके, आणि अडकलेली व्हिकर्स कशाने थांबली आहे ते नुसता हँडलचा कोन बघून ओळखायचं शिक्षण वेगळं असे. हँडलच्या प्रत्येक जागेचा दोष ठरलेला, आणि त्यावरचा उपाय हाताला पाठ. अंधारातही तो करता येई.

ही गन पुढे जिची ओळख झाली त्या महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. १८९० च्या दशकात लष्कराची दारं महारांना बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात ती थोडा काळ उघडली, पुन्हा मिटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती पुन्हा उघडावीत म्हणून सतत पाठपुरावा केला होता. १९४६ साली रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट करण्यात आलं. व्हिकर्स चालवणं हे रोजच्या पायदळी कामापेक्षा तांत्रिक काम. कोन, अंतर, वारा, नकाशा हे सगळं हिशेबाने, डोळ्याला न दिसणाऱ्या लक्ष्यावर डोंगरापलीकडे मारा करायचा. जे काम सोपवण्याआधी माणसाची आकलनशक्ती बघितली जाते ते काम या रेजिमेंटकडे आलं. फाळणीच्या दंगलीत तिच्या पलटणी पंजाबच्या सीमेवर होत्या. तिच्या बिल्ल्यावर आजही दोन व्हिकर्स गनी तिरक्या उभ्या आहेत. गन सैन्यातून गेली. पुढे रेजिमेंट नेहमीचं पायदळ झाली. बिल्ल्यावरचं जॅकेट, त्याच्या खोबणी, खालची तिपाई मात्र तशीच आहे. नव्या जवानाला ती आकृती काय आहे हे सांगावं लागतं, आणि ते नीट सांगितलं जावं असं मला फार वाटतं.

पीआयएटी. रणगाड्यावर मारायचा स्प्रिंगचा बार. स्प्रिंग चढवायला दोन्ही पाय आणि पाठ लागे. झोपून चढवता आली तर माणूस ताकदीचा. नंतर आलेल्या रिकॉइललेस तोफांपुढे ती टिकली नाही.

पंचवीस पौंडी. हिच्यापाशी थोडं थांबायला हवं. सुमारे साडेअकरा किलोचा गोळा, बारा किलोमीटरच्या घरातला पल्ला, खाली सपाट गोल चाकासारखं बैठक-पीठ. तोफ त्या पिठावर चढवली की दोन माणसं तिला कुठल्याही दिशेला वळवत. देवळालीच्या तोफखाना शाळेत पिढ्यांनी हिच्यावर हात बसवला. नाशिककडच्या डोंगरांनी तिचा आवाज इतकी वर्षं ऐकला की त्या भागातल्या जुन्या माणसांना तो वेगळा ओळखू येई.

१९४८ साली काश्मीरमध्ये ही तोफ दोन्ही बाजूंना होती. साचा तोच, नमुना तोच, पल्ल्याचे तक्तेसुद्धा तेच. वर्षभरापूर्वी एकाच छावणीत शिकलेले तोफची समोरासमोर होते आणि एकमेकांचा मारा कुठून आला हे दोघांनाही ओळखता येत होतं. ३ जुलै १९४८ रोजी झांगडला ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान पंचवीस पौंडी गोळ्याने पडले. पाकिस्तानात मोठ्या पदाचं आमिष नाकारून ते भारतात राहिले होते. वाटणीत मोजली गेलेली तोफ आणि वाटणी नाकारलेला माणूस. मला त्या वर्षाचं याहून खरं वर्णन सापडलेलं नाही.

याच तोफा वेढलेल्या पुंछमध्ये डाकोटा विमानांतून उतरवल्या गेल्या. १९६५ आणि १९७१ च्या लढायांतही त्या होत्या. मग देशी १०५ मिलिमीटरची तोफ आली. आता पंचवीस पौंडी छावण्यांच्या फाटकांवर चुन्याने रंगवलेल्या दगडांमध्ये उभी दिसते, नळी थोडी वर केलेली.

डोंगरी तोफ. ३.७ इंची. आठ खेचरांवर आठ तुकड्यांत चढायची: नळीचे दोन भाग, पाळणा, चाकं, ढाल आणि बाकी. शिकलेली तुकडी ती खेचरांवरून उतरवून काही मिनिटांत जोडे आणि पहिला गोळा सोडे. कुठलं ओझं कुठल्या खेचरावर हे ठरलेलं असे, कारण पाठीचं खोगीर त्या ओझ्यासाठीच बनवलेलं. खेचर अडलं तर त्या भागाविना तोफ अपुरी. खेचरवाल्याला जनावराचे खूर, नाल, पाठीवरची जखम, उतारावरचं त्याचं पाऊल हे सगळं पाहावं लागे. ट्रक आणि हेलिकॉप्टर आली तसतसं हे ज्ञान आटत गेलं. पहाडांत खेचरं अजून आहेत, पण कमी होत आहेत.

स्टुअर्ट. अमेरिकी हलका रणगाडा, चौदा-पंधरा टनांचा, ३७ मिलिमीटरच्या छोट्या तोफेचा. १९४४ सालच्या युरोपात तो कालबाह्य मानला गेला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी त्याने सुमारे साडेअकरा हजार फुटांवर झोजिला खिंड फोडली. मेजर जनरल थिमय्यांनी सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीच्या स्टुअर्टांना जम्मूकडून श्रीनगरमार्गे वर नेलं. बुरुज उतरवून ठेवले, गाड्यांवर ताडपत्र्या टाकल्या, श्रीनगरमधून जाताना संचारबंदी लावली. बालटालहून पुढे खेचरांची पायवाट होती. मद्रास सॅपर्सनी ती रणगाडा जाईल इतकी रुंद केली, बर्फ पडायच्या आधी, शत्रूच्या माऱ्याखाली. इतक्या उंचीवर रणगाडा येईल अशी समोरच्यांनी कल्पनाच केली नव्हती. लडाखकडचा रस्ता त्या दिवशी मोकळा झाला. या रणगाड्याने मोठं काम केलं ते त्याच्या ताकदीने नव्हे. तो हलका होता, म्हणून पूल आणि वाट त्याला सहन करू शकली. जड रणगाडा तिथवर पोहोचलाच नसता.

दोन दोऱ्या. या कुठल्याही कोताच्या यादीत नाहीत. ८ ते ११ एप्रिल १९४८ दरम्यान नौशेरा-राजौरी रस्त्यावर कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे सुरुंग आणि अडथळे काढत पुढे जात होते. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीचे. रस्त्यावर मशीनगनचा मारा चालू होता. राणे पुढच्या स्टुअर्ट रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्या दोन्ही पट्ट्यांमध्ये सरपटत त्याच्याबरोबर पुढे सरकले. दोन दोऱ्यांची टोकं रणगाड्याच्या चालकाकडे. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. सुरुंग हाताने उकरायचे, निकामी करायचे, पुन्हा दोरी. त्यांच्याकडे संदेशयंत्र होतं की नाही, हा प्रश्न त्या जागी निरर्थक होता. इंजिनाच्या आवाजात दोरीच चालली. चार दिवसांत वाट मोकळी झाली, राजौरी सुटली. परमवीर चक्र स्वीकारायला ते जिवंत होते. खडकीला सॅपर्सच्या केंद्रात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, पण कोकणातल्या शाळांत ही दोन दोऱ्यांची गोष्ट अजून जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही.

शर्मन. मेक्टीलाच्या लढाईत, १९४५ साली ब्रह्मदेशात, एकाच ब्रिगेडमध्ये रॉयल डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स शर्मन घेऊन लढल्या. वाटणीत डेक्कन हॉर्स भारतात राहिली, प्रोबिन्स पाकिस्तानात गेली. त्यांच्या शर्मनचं इंजिन म्हणजे मोटारीची पाच इंजिनं एकत्र जुळवून केलेलं, तीस सिलिंडरचं. एवढ्या स्पार्क प्लगांची देखभाल करणाऱ्या फिटरांना विसरून शर्मनची गोष्ट सांगता येणार नाही. सुटे भाग अमेरिकेतून यायचे थांबले. मग जुने रणगाडे मोडून त्यांचे भाग चालत्या रणगाड्यांना लावले गेले. तोफा बदलल्या, कुठे फ्रेंच, कुठे रशियन नळी बसवली. अमेरिकी शरीर, रशियन तोफ. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला डेक्कन हॉर्सचे शर्मन उसाच्या शेतांत दबा धरून बसले आणि त्यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांच्या बाजूवर मारा केला. समोरून ते पॅटनला भेदू शकत नव्हते, म्हणून बाजूने मारायचं ठरवलं होतं. वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राकडून काम करून घेण्याची जी हिकमत त्या फिटरांनी आणि गनरांनी कमावली होती, तीच त्या शेतांत उपयोगी पडली.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात (गाव आता अहिल्यानगर झालं) हे सगळे एका आवारात आहेत: स्टुअर्ट, शर्मन, सेंच्युरियन, हस्तगत केलेला पॅटन, अगदी रोल्स-रॉइसची चिलखती गाडीही. उन्हात पोलाद तापतं. मुलं तोफेच्या नळीवर हात ठेवून फोटो काढतात. तिथे निवृत्त फिटरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, रणगाडा सुरू करताना काय आधी करायचं आणि काय नंतर, हे त्यांच्याच शब्दांत. हे काम आत्ता केलं नाही तर कायमचं राहून जाईल.

ठासणीच्या बंदुका. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने भारतीय लष्कर हैदराबाद संस्थानात शिरलं. १३ तारखेला सुरू झालेली कारवाई १८ ला शरणागतीने संपली. समोर निजामाचं नियमित सैन्य होतं, आणि रझाकार. त्यांच्याकडे होतं ते हाती लागेल ते: ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले, आणि सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्री चोरून आणलेली नवी हत्यारं. मराठवाड्याच्या आठवणींत आधी येतात त्या ठासणीच्या बंदुका आणि भाले, कारण गावागावांत तेच दिसले होते. इतर संस्थानांची दळंही याच सुमारास भारतीय सैन्यात आली. कोल्हापूरची राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. प्रत्येक संस्थानाचा आपला बिल्ला, आपली पगडी, आपला कोत. ही मोजदाद करणाऱ्या क्वार्टरमास्टरांच्या वह्या कुठे असतील कोण जाणे.

जीप. १९४८ साली लंडनमार्फत दोन हजार जुन्या दुरुस्त जीपचा करार झाला. १५५ आल्या, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. सैन्याला गाड्यांची गरज काश्मीरच्या ऐन लढाईत होती. मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलिज जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे गाडी इथेच घडू लागली.

लिबरेटर. कोताबाहेरची, पण सोडवत नाही. युद्ध संपल्यावर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं कानपूरच्या चकेरीला टाकून दिली होती. परत कोणी वापरू नयेत म्हणून मुद्दाम मोडली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी भंगारात फिरून त्यातल्या त्यात धड सांगाडे निवडले, उडण्याइतपत बांधले, आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळुरूला नेली. चाळीसहून अधिक विमानं पुन्हा उभी राहिली. समुद्रावर टेहळणीसाठी पुण्याच्या लोहगाव तळावरूनही ती उडाली. १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. परदेशांतल्या काही संग्रहालयांना धड लिबरेटर मिळाली ती भारतातून, कारण दुसरीकडे ती शिल्लकच नव्हती.

पट्टी, पाउच, बूट. पायाला गुंडाळायची लोकरी पट्टी सैल झाली की चालणं बिघडे. घट्ट झाली की रक्त थांबे. कापडी पट्ट्याला ब्लँको लावायचा, बकलाला ब्रासो. बुटांच्या तळव्याला तेरा खिळे. संचलनात शंभर जणांचे खिळे एका ठेक्यात पडत. रबरी तळव्यांनी तो आवाज संपवला.

काडतूस. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. थ्री-नॉट-थ्रीच्या पितळी काडतुसाच्या बुडाशी ‘के एफ’ अशी अक्षरं ठोकलेली असत: खडकीच्या जुन्या इंग्रजी नावाचं ‘के’, कारखान्याचं ‘एफ’, आणि साल. जगभर, जिथे जिथे हिंदी सैनिक लढले तिथे, जमिनीत अजून ही बुडं सापडतात. खडकीत ती बनवणारे कामगार आणि शेतात ती सापडणारा इटलीतला शेतकरी यांची कधी भेट होणार नाही, पण दोघांच्या हातात तीच दोन अक्षरं आलेली असतात. पुण्यात त्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावलेल्या वसाहती होत्या. त्या कामगारांचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही.

छत्तीस नंबर. या यादीत सैन्यातून सगळ्यात उशिरा निघालेली वस्तू. ओतीव लोखंडाचा, खाचा पाडलेला हातगोळा, वजन पाऊण किलोच्या आसपास, पहिल्या महायुद्धातल्या मिल्स बॉम्बच्या घराण्यातला. मेसोपोटेमियाच्या दमट उष्णतेत दारू टिकावी म्हणून त्यावर लाखेचा थर दिला गेला, आणि तो नमुना इथे रुजला. अंगठी ओढायची, लिव्हर तळहातात दाबून धरायची, सोडली की चार सेकंद. ईशापूरची रायफल गेली, ब्रेन गेली, व्हिकर्स गेली, पंचवीस पौंडी गेली. छत्तीस नंबर कारगिलमध्येही होता. त्याचे तुकडे कुठे आणि किती उडतील याचा नेम नसे, आणि कधी तो फुटतच नसे, ही तक्रार जुनीच होती. २४ ऑगस्ट २०२१ रोजी नागपूरमध्ये तिथल्याच खासगी कारखान्यात बनलेल्या नव्या हातगोळ्यांची खेप सैन्याकडे सोपवण्यात आली. नव्याला सुटं बाह्य कवच आहे. ते चढवून फेकला की तुकडे लांबवर उडतात, काढून फेकला की फक्त स्फोट. त्यामुळे धावत पुढे जाणाऱ्यालाही तो वापरता येतो. जुन्याला हा पर्याय नव्हता. तो फेकणाऱ्याने फेकल्याबरोबर आडोसा घ्यायचाच, आणि आडोसा आधी हेरून मगच अंगठी ओढायची, असं रिक्रुटांना शिकवलं जाई.